शिवेवरचा कुकारो

आमच्या वसतिगृहात जिन्याखाली टपालाची एक लाकडी फळी होती. दुपारी पोस्टमन येऊन गेला की रखवालदार सगळी कार्डं तिच्यावर ओळीने मांडायचा. पत्ते इंग्रजीत असत, पण मजकूर उघडा, आणि त्यावरूनच त्याने आपली सोय लावली होती. गोल गोल अक्षरांची कार्डं दक्षिणेकडच्या मुलांची, रेघेखाली लटकलेली पण वाचता न येणारी पंजाबकडची, आणि परदेशी तिकिटाचा निळा लिफाफा आला की तो केनियाहून शिकायला आलेल्या मुलाचा. माझं कार्ड मात्र त्याला कोणत्याच रांगेत बसवता यायचं नाही, कारण माझे वडील मोडीत लिहायचे. पुण्याची मराठी मुलंसुद्धा ते उलटंसुलटं करून बघत आणि विचारत, "हे कुठल्या देशातून आलं?" मालवणहून, असं सांगितलं की हसत.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मालवणपासून काही मैलांवर, खाडीच्या कडेला असलेल्या आमच्या गावातून विद्यापीठापर्यंत पोचलेला मी पहिलाच. तोवर परका माणूस म्हणून मी पाहिला होता तो कणकवलीच्या बाजारात येणारा घाटावरचा घोंगडीवाला. आणि इथे एका जिन्यावर अर्धी दुनिया भेटायची. रविवारी सकाळी आमच्या मजल्यावरचा सरदार केस धुऊन गॅलरीत उन्हाला बसायचा, त्याच्या शेजारी मद्रासकडचा मुलगा कपाळाला भस्म लावून गणितं सोडवत असायचा, आणि केनियाचा मुलगा खाली मैदानात अनवाणी फुटबॉल खेळायचा. सगळ्यांना मेसमध्ये एकच बटाट्याची भाजी मिळे आणि सगळे एकजात तिला शिव्या देत. एकात्मता म्हणतात ती मी पहिल्यांदा तिथे पाहिली.

फळीवर ज्याचं कार्ड कधीच येत नसे असा एकच जण होता. तो माझ्या खोलीत राहायचा. पूर्व बंगालचा, चष्मा लावणारा, भूगर्भशास्त्र शिकणारा. निर्वासितांच्या शिष्यवृत्तीवर आला होता. आमची बोलण्याची भाषा म्हणजे थोडी हिंदी, थोडी इंग्रजी आणि उरलेल्या खुणा. पण मी माझ्या घराचं वर्णन करायला लागलो की तो ते माझ्याआधीच पुरं करायचा. मी म्हणायचो, मागच्या बाजूला विहीर आणि तिच्या कडेला... तो म्हणायचा, सुपारी. मी म्हणायचो, सकाळी आई मासे निवडायला बसली की... तो म्हणायचा, मांजर. त्याचं घर नदीकाठचं, माझं खाडीकाठचं, एवढाच काय तो फरक. शिवाय माझं होतं आणि त्याचं नव्हतं.

तो दहा वर्षांचा असताना दोन दिवसांत त्याचा सगळा गाव रिकामा झाला होता. आई त्याला घेऊन सीमेपलीकडे आली आणि छावणीत तापाने गेली. हे त्याने मला एकदाच, एका दमात सांगितलं, आणि लगेच माझ्याकडे साबण मागून आंघोळीला गेला. मी पुन्हा विचारलं नाही.

सुट्टी लागली की वसतिगृह ओस पडे. तो कुठेच जायचा नाही. आम्हाला निरोप द्यायला फाटकापर्यंत यायचा, कोणाची ट्रंक उचलायचा, आणि कोणी "जातो" म्हटलं तर ओठांवर बोट ठेवायचा. जाताना "येतो" म्हणायची रीत आमच्याकडे आहे तशीच त्यांच्याकडेही आहे. घर सोडताना त्याची आई घरालाच "येते" म्हणाली होती. हेही त्याने फाटकात उभं राहूनच सांगितलं, माझी गाडी चुकेल अशा वेळी.

तेव्हाच मी ठरवलं की ह्याला एकदा आपल्या घरी न्यायचं. आई ह्याला जेवू घालील, ओटीवर चटई टाकील, आणि ह्याला चार दिवस वाटेल की आपली कोणीतरी वाट बघत होतं. त्याला तसं सांगून टाकलं. त्या दिवसापासून तो रोज काहीतरी विचारायला लागला. घराला पायऱ्या किती? कुत्रा आहे का? आईला काय म्हणून हाक मारू? त्याला असा हट्टाने काही हवंसं झालेलं मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

नाताळची सुट्टी ठरली, आणि वडिलांचं मोडीतलं कार्ड आलं: यंदा गावपळण आहे, नेमकी त्याच आठवड्यात.

गावपळण म्हणजे काय ते आमच्या बाजूच्या माणसाला सांगावं लागत नाही. इतरांना सांगतो. तीन-चार वर्षांनी एकदा देवाचा कौल घेतात आणि तीन दिवस तीन रात्री सगळा गाव शिवेबाहेर जाऊन राहतो. सगळा म्हणजे सगळा: माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रे, मांजरं. खाटेवरचं आजारी माणूसदेखील उचलून नेतात. हिंदू वाड्या जातात तशी मुसलमानवाडीही जाते. शिवेपलीकडे माडाच्या झापांच्या झोपड्या उभ्या राहतात आणि गावात चूल पेटत नाही. त्या दिवसांत गाव आपला नसतो, शीव ओलांडायची नाही, असं म्हणतात. चौथ्या दिवशी सकाळी मानकरी तेवढे देवळात जाऊन कौल घेतात आणि देवाने होकार दिला की सगळे परततात.

आता मला हे त्याला सरळ सांगता आलं असतं. पण मी विज्ञानाचा विद्यार्थी. आठच दिवसांपूर्वी वसतिगृहात अंधश्रद्धेवर वाद झाला होता आणि त्यात सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो होतो. भस्म लावणाऱ्या त्या बिचाऱ्या मुलाला तर मी रडवायचंच बाकी ठेवलं होतं. आणि आता ह्याच तोंडाने सांगू, की भुताखेतांना वाट द्यायला आमचा गाव कोंबड्या काखोटीला मारून पळतो? जीभ उचलेना. मी हिशेब केला. तीन दिवस पळणीचे, चौथ्या सकाळी कौल, दुपारी सगळे घरात. मी त्याला म्हणालो, "मी पुढे होतो, घरी जरा काम आहे. तू चौथ्या दिवशी ये." रस्ता लिहून दिला, घराची खूण सांगितली: देवळावरून डावीकडे, विहिरीजवळ दोन सुरंगीची झाडं, पाच पायऱ्या.

घरी पोचलो आणि गावाबरोबर निघालो. आईने चूल विझवली, उंबऱ्याला हात लावला आणि घराला म्हणाली, "येतंव हां." लहानपणापासून मी ते ऐकत आलो होतो. त्या दिवशी मात्र मी वळून दाराकडे पाहिलं.

झोपड्यांतले तीन दिवस मजेत गेले, हे कबूल केलं पाहिजे. वसतिगृहात सरदार, मद्रासी एकत्र राहतात याचं मला मोठं अप्रूप होतं. इथे आमच्या झोपडीला लागून मुसलमानवाडीतल्या एका म्हातारीची झोपडी होती आणि दोघींच्या चुलींमध्ये एक हाताचंसुद्धा अंतर नव्हतं. आईचं मीठ संपलं की म्हातारी द्यायची, म्हातारीचा विस्तव विझला की आई द्यायची. एरवी वर्षभर ज्यांच्या वाड्या वेगळ्या, पाणवठे वेगळे, ती माणसं एका ओहोळावर भांडी घासत होती. हे मी जन्मापासून बघत होतो आणि त्याच्याकडे कधी धड पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी मानकरी देवळात गेले. मी बोचकी बांधून तयार. तासाभराने ते परत आले आणि त्यांतला म्हातारा म्हणाला, "देवान होकार दिल्यान नाय. आजून एक दीस."

असं कधीतरी होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. पण देव तीन दिवसांत परवानगी देणार यावर देव न मानणारा मी डोळे झाकून विसंबलो होतो.

धावत रस्त्यावर गेलो. कणकवलीची गाडी शिवेवर थांबवून आत पाहिलं. तो नव्हता. एका परीने बरं वाटलं. आळस केला असेल, उद्या येईल. मग दुपारी मालवणहून मीठ भरून परतणारा एक ट्रक शिवेबाहेरच्या चहाच्या खोपटाजवळ उभा राहिला. ट्रकवाला घाटावरचा. चहा पिता पिता म्हणाला, "काय गाव हाय का काय! कुत्रं न्हाई भुकायला. मघा जाताना एक पोरगं उतरवलं बघा तिथं देवळाजवळ. चष्मेवालं."

 एसटीची वाट न बघता तो मिळेल त्या ट्रकने आला होता. त्याला लवकर पोचायचं होतं. आणि आता तो पाच पायऱ्या मोजत आमच्या घरापुढे उभा असणार. दार बंद, गोठा रिकामा, चूल थंड, हाकेला ओ द्यायला चिटपाखरू नाही. दहा वर्षांचा असताना जे बघून तो निघाला होता तेच मी त्याला आग्रहाने बोलावून दाखवलं होतं.

मी शिवेकडे पळालो. शिवेवर एक दगड आहे, कमरेएवढा, शेंदूर फासलेला. त्याच्यापाशी येऊन थांबलो. मानकरी म्हातारा मागून ओरडला, "शिवेआत जावचा नाय हां!" पण खरं सांगायचं तर त्याच्या ओरडण्याने मी थांबलो नव्हतो. माझा पायच उचलत नव्हता. वसतिगृहात टेबलावर मूठ आपटणारा मी, त्या दगडापुढे एक पाऊल टाकू शकलो नाही. आजही ते आठवलं की मला माझा राग येतो.

आई हातात डाव घेऊनच आली. काय झालं ते मी सांगितलं. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तेका सांगलंस नाय पळणीचा?"

मी मान खाली घातली.

"लाज वाटली तुका? आपल्या गावाची लाज वाटली?"

 तिने डाव माझ्या हातात दिला, दगडाच्या अलीकडे उभी राहिली, तोंडाला दोन्ही हात लावले आणि कुकारो घातला. कुकारो म्हणजे लांबवर पोचवायची साद. माडावर चढलेल्या माणसाला, खाडीपलीकडच्या होडीवाल्याला गाठायचं ते असंच. पण तो पुरुषांनी घालायचा. माझ्या आईचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"कूऽऽऽ!"

 मग शेजारच्या म्हातारीच्या मुलाने, तो होडीवरचा माणूस, आपला कुकारो त्यात मिसळला. मग माझ्या वडिलांनी. मग झोपड्याझोपड्यांतून बायका, माणसं, पोरं निघाली आणि शिवेवर रांगेने उभी राहिली. कोणाला बोलवायचं हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी तो मानकरी म्हातारासुद्धा दगडाला पाठ टेकून ओरडायला लागला. शीव कोणीच ओलांडली नव्हती. आवाज तेवढा ओलांडत होता.

बऱ्याच वेळाने शेतातल्या बांधावर, मेरेवर, एक माणूस दिसला. पिशवी छातीशी धरलेली, एका पायातली वहाण गेलेली. पळत होता. एवढी माणसं पाहून थबकला, मग मला ओळखलं आणि पुन्हा पळाला. शिवेच्या दगडापलीकडे येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या चष्म्याच्या काचा ओल्या होत्या.

आईने हात धरून त्याला शिवेबाहेर घेतलं. "ये रे झिला. जेवलंस काय?"

त्याला शब्द कळले नाहीत, झिल म्हणजे मुलगा हेही नाही; विचारलं काय ते कळलं. तो तिथेच मातीत बसला आणि हमसून रडला. आमच्याकडे मोठ्या पुरुषाला असं रडताना पाहिलं की लोक तोंड फिरवतात. त्या दिवशी कोणी फिरवलं नाही. शेजारची म्हातारी तांब्यातून पाणी घेऊन आली. तो प्यायला आणि तिला हिंदीत विचारलं, "सगळे कुठे गेले होते?" म्हातारी आईकडे बघायला लागली. आईने त्याला हाताने झोपड्या दाखवल्या. "खंय जातलंव? हंयच आसंव. उद्या परत."

"सगळे?" त्याने मला विचारलं. "सगळे परत जातात?"

"सगळे," मी म्हणालो. "कोंबड्यासुद्धा."

संध्याकाळी ओहोळावर हातपाय धुताना मी त्याला सगळं सांगून टाकलं. कौल, माझा हिशेब, माझी लाज. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मी तुझ्या पायरीवर बसलो होतो. वाटलं, इथेही तेच झालं. मी कुठेही गेलो तरी उशिरा पोचणार. मग तो आवाज आला." त्याने पाण्यातून पाय वर घेतले. "आम्ही निघालो तेव्हा मी वाटभर मागे वळून बघत होतो. वाटत होतं, कोणीतरी हाक मारील, या परत म्हणेल. तुझ्या गावाला परत यायचा दिवस माहीत असतो. ह्याची लाज वाटते तुला?"



दुसऱ्या दिवशी देवाने होकार दिला. लोक निघाले. आई त्याला म्हणाली, "पयलो तू चल." पाहुण्याला पुढे घालायचं म्हणून. तो गेला नाही. शिवेच्या दगडाजवळ उभा राहिला आणि गावाला आत जाताना बघत राहिला. पुढे गुरं गेली, वाट ठाऊक असल्यासारखी. मग डालग्यांतल्या कोंबड्या, खाटेवरून नेलेला म्हातारा, डोक्यावर शिलाईचं मशीन घेतलेला शिंपी, शेजारच्या म्हातारीची नातवंडं, झोळीत झोपलेली तान्ही पोरं. तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता. शेवटचा कुत्रा आत गेल्यावर तो माझ्याबरोबर आत आला. घरापुढे येऊन त्याने पाच पायऱ्या पुन्हा मोजल्या. आई दार उघडून चूल पेटवत होती. तो म्हणाला, "आमचंही असं असतं तर."

नंतरचे चार दिवस तो नुसता जेवला आणि ओटीवर झोपला. आई त्याला बांगड्याची आमटी वाढत होती आणि तो तिला "मा" म्हणत होता. निघताना गाडीच्या पायरीवरून तो "येतो" म्हणाला. मला नाही, तिला.

शिक्षण संपल्यावर तो कलकत्त्याला गेला. तिथून दोन पत्रं आली, मग आसामकडून एक कार्ड. मग माझंच पत्र, पत्त्यावर कोणी नाही असा शेरा घेऊन परत आलं. तो हयात आहे की नाही, हेही मला कळलं नाही. वसतिगृहातल्या किती जणांचे चेहरे आता आठवत नाहीत, पण तो आठवला नाही असा आठवडा जात नाही.

गोवा मोकळा झाला, मी कणकवलीच्या शाळेत मास्तर झालो, आणि पुन्हा गावपळण आली. पळणीच्या शेवटच्या दुपारी आई झोपडीतून उठून शिवेकडे निघाली. मी विचारलं, "आये, खंय?"

"घर रिकामा आसा. कोण येवन बसलो आसलो तर?"

तिने दगडापाशी उभं राहून कुकारो घातला. आवाज आता फाटत होता. शेजारची म्हातारी राहिली नव्हती, पण तिचा मुलगा आला आणि त्याने साथ दिली. कोणासाठी, हे त्याने विचारलं नाही. आम्ही वाट बघितली. मेरेवर कोणी दिसलं नाही.

"रस्त्यात आसतलो," आई म्हणाली आणि भात उतरवायला गेली.

दुसऱ्या सकाळी गाव आत निघाला तेव्हा मी मागे राहिलो. गुरं गेली, कोंबड्या गेल्या, पोरं गेली, शेवटचा कुत्राही गेला. मी मात्र शिवेवर उभा राहून कणकवलीच्या रस्त्याकडे बघत होतो. किती वेळ गेला कोण जाणे. मग गावातून कुकारो आला. आईचाच होता, आणि ह्या खेपेला तो माझ्यासाठी होता. मला परत बोलावणारं माणूस होतं आणि त्याला नव्हतं, एवढंच माझ्या मनात आलं, आणि मी दगडाला धरून रडलो. आईने दुसऱ्यांदा हाक घातली तेव्हा मी रस्त्याकडे पाठ केली आणि आत गेलो.